घोटेपर्यंत कायदेशीर

सोलापुरात एसटी स्थानकाबाहेरच्या कोणत्याही टपरीसमोर पाच मिनिटे उभे राहिले, तर महाराष्ट्राच्या गुटखाबंदीतली सगळी मेख डोळ्यांसमोर उलगडते. टपरीवाल्यापुढे तीन डबे असतात: एकात कातरलेली सुपारी, दुसऱ्यात तंबाखू, तिसऱ्यात ओला चुना. गिऱ्हाइकाने नुसते बोट वर केले की तो प्लास्टिकच्या कागदाच्या तुकड्यावर तिन्ही जिन्नस टाकतो, कागद दुमडतो, फळीवर तळहाताच्या जोराने दहा-बारा वेळा रगडतो आणि पुडीला रबर लावून पुढे करतो. याला आमच्याकडे मावा म्हणतात, नागपूर-चंद्रपूरकडे खर्रा. डब्यात असेपर्यंत साधी सुपारी, साधी तंबाखू आणि चुना या तिन्ही वस्तू विकायला राज्यात मनाई नाही. रगडून एक झाल्या की तीच वस्तू प्रतिबंधित अन्नपदार्थ ठरते आणि विकणारा आरोपी ठरतो. कायदा आणि गुन्हा यांच्यामधले अंतर तळहाताच्या दहा-बारा फेऱ्यांचे आहे.

एखादी वस्तू राज्यात विकता येईल की नाही, हे कोणी ठरवायचे, कोणत्या कायद्याने आणि किती काळासाठी, हा प्रश्न दिसतो तितका कोरडा नाही. गुटख्याच्या बाबतीत महाराष्ट्राने त्याचे जे उत्तर दिले आहे, ते माझ्या मते हेतूने योग्य आणि बांधणीने कच्चे आहे. बंदी उठवावी असे माझे म्हणणे नाही. ती आदेशातून काढून कायद्यात आणावी, एवढेच म्हणायचे आहे, आणि त्यासाठी या बंदीचा जन्म कसा झाला हे आधी पाहिले पाहिजे.

महाराष्ट्राने पहिली बंदी १ ऑगस्ट २००२ पासून, पाच वर्षांसाठी घातली. तेव्हा १९५४ चा अन्नभेसळ प्रतिबंधक कायदा लागू होता आणि त्याखालच्या राज्य पातळीवरील आरोग्य अधिकाऱ्याच्या अधिकारात ही अधिसूचना निघाली होती. उत्पादक सर्वोच्च न्यायालयात गेले आणि ऑगस्ट २००४ मध्ये न्यायालयाने ती अधिसूचना रद्द केली. असा सरसकट प्रतिबंध करण्याचा स्वतंत्र अधिकार त्या कायद्याने राज्याच्या अधिकाऱ्याला दिलेलाच नाही, असा त्या निकालाचा मुख्य रोख होता. म्हणजे गुटखा निर्दोष आहे असे कोणीही म्हटले नव्हते. चुकीच्या हाताने सही झाली, एवढ्यावर पहिली बंदी कोसळली. त्यातून घेण्यासारखा धडा तिथेच होता.

पुढे अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ आला आणि त्याखालच्या २०११ च्या विनियमांत २.३.४ ही एका ओळीची तरतूद आली: कोणत्याही अन्नपदार्थात तंबाखू किंवा निकोटीन हा घटक म्हणून वापरता येणार नाही. या एका ओळीने देशाचे चित्र बदलले. मध्य प्रदेशाने १ एप्रिल २०१२ पासून बंदी घातली आणि त्याच वर्षीच्या जुलैत महाराष्ट्राने गुटखा व पानमसाल्यावर घातली. पुढच्या वर्षी सुगंधी तंबाखू आणि सुगंधी सुपारी त्यात आली, मावा आणि खर्राही आला. उत्पादक मुंबई उच्च न्यायालयात गेले, पण २०१२ च्या सप्टेंबरमध्ये न्यायालयाने बंदीला अंतरिम स्थगिती नाकारली. तेव्हापासून ही बंदी चालू आहे.

चालू आहे, पण दर वर्षी नव्याने. हे आदेश ज्या कलम ३०(२)(अ) च्या आधारावर निघतात, ते अन्न सुरक्षा आयुक्ताला सार्वजनिक आरोग्याच्या हितासाठी एखाद्या पदार्थावर राज्यभर किंवा राज्याच्या एखाद्या भागात प्रतिबंध घालण्याचा अधिकार देते, मात्र एका वेळी एक वर्षापेक्षा जास्त काळासाठी नाही. म्हणून दर जुलैत नवा आदेश निघतो, वर्तमानपत्रांत ‘गुटखाबंदीला आणखी वर्षभर मुदतवाढ’ अशी चार ओळींची बातमी येते आणि पुढच्या जुलैपर्यंत विषय मिटतो. एखाद्या दुधात किंवा खव्यात अचानक घातक द्रव्य सापडले, तर तातडीने विक्री थांबवता यावी यासाठी असलेले हे कलम, भाड्याच्या घराच्या कराराप्रमाणे दर वर्षी नूतनीकरण करत दशकभराहून अधिक काळ वापरले जात आहे.

या अडचणीवर न्यायालयांनी बोट ठेवलेच. सप्टेंबर २०२२ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाच्या एकसदस्यीय पीठाने आणि जानेवारी २०२३ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने त्या त्या राज्यांच्या अशाच अधिसूचना रद्द केल्या. दोन्हीकडे तर्क सारखा होता: तात्पुरत्या संकटासाठी दिलेला अधिकार कायमच्या बंदीसाठी वापरता येत नाही. एप्रिल २०२३ मध्ये दिल्लीच्या खंडपीठाने आपल्याकडचा निकाल फिरवला आणि सर्वोच्च न्यायालयाने मद्रासच्या निकालाला स्थगिती दिली, म्हणून आज बंदी उभी आहे. पण ज्या भिंतीला दोनदा भेग पडून गेली आहे, तिच्यावर आणखी मजले चढवण्याआधी कोणताही गवंडी पाया पाहील. सरकारने पाया न पाहता गेल्या काही वर्षांत मजलेच चढवले.

त्यातला पहिला मजला भारतीय दंड संहितेचा. अन्न सुरक्षा कायद्यातल्या शिक्षा सौम्य वाटल्याने पोलिसांनी गुटखा विक्रेत्यांवर कलम ३२८ लावायला सुरुवात केली. हे कलम इजा करण्याच्या हेतूने विष पाजणाऱ्यासाठी होते आणि त्यात दहा वर्षांपर्यंत शिक्षा होती. आता ते भारतीय न्याय संहितेत कलम १२३ झाले आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने, अन्न सुरक्षा कायदा हा विशेष कायदा असल्याने दंड संहितेची ही कलमे लावता येणार नाहीत असे म्हटले. सप्टेंबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते मान्य केले नाही आणि दोन्ही कायद्यांखाली खटला चालू शकतो असे सांगून प्रकरणे परत पाठवली. कायद्याच्या दृष्टीने ते ठीक असेल. पण विष पाजण्याचे कलम सिद्ध करायला हेतू किंवा जाणीव सिद्ध करावी लागते, आणि ‘एक मावा द्या, चुना कमी’ असे स्वतःहून सांगणाऱ्या गिऱ्हाइकाला टपरीवाल्याने विष पाजले, हे न्यायालयात मांडताना सरकारी वकिलाची काय अवस्था होत असेल याची कल्पनाच केलेली बरी.

दुसरा मजला मकोकाचा. गुटख्याचा व्यापार करणाऱ्यांवर संघटित गुन्हेगारीविरोधी कायदा लावण्याच्या घोषणा मंत्र्यांनी केल्या आहेत. १९९९ च्या त्या कायद्यात ‘सातत्याने चाललेले बेकायदा कृत्य’ याची व्याख्या स्पष्ट आहे: तीन वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षेचा दखलपात्र गुन्हा हवा, आणि मागच्या दहा वर्षांत एकापेक्षा अधिक आरोपपत्रे दाखल होऊन न्यायालयाने त्यांची दखल घेतलेली हवी. आता ज्या मालाची जप्तीची बातमी आपण आठवड्याला वाचतो, तिच्यात काय असते ते आठवून पाहा. टेम्पोचा नंबर असतो, चालकाचे नाव आणि वय असते, पोत्यांची संख्या आणि मालाची किंमत असते, पंचनाम्याच्या टेबलामागे उभ्या असलेल्या अधिकाऱ्यांचा फोटो असतो. पाकिटावर ज्या कारखान्याचे नाव छापलेले आहे, त्याच्या मालकाचे नाव त्या बातमीत क्वचितच आढळते. आरोपपत्रेच चालकांवर आणि टपरीवाल्यांवर दाखल होत असतील, तर मकोकासाठी लागणारी टोळी कागदावर कुठून उभी राहणार? वास्तविक अन्न सुरक्षा कायद्याच्या कलम ६६ मध्ये कंपनीच्या जबाबदार व्यक्तींना आरोपी करण्याची सोय पहिल्यापासून आहे. ती वापरायला मकोकाची गरज नाही, राज्याबाहेरच्या कारखान्यापर्यंत तपास नेण्याची गरज आहे.

राज्याबाहेर हा शब्द इथे महत्त्वाचा. सोलापूरकडून एक रस्ता विजयपूरला जातो, अक्कलकोटवरून एक कलबुर्गीकडे, आणि माल त्या बाजूने येतो हे गावात लहान मुलालाही माहीत आहे. त्यावरून ‘कर्नाटकात गुटखा खुला आहे’ असा समज पसरलेला आहे, पण तो खरा नाही. कर्नाटकानेही २०१३ मध्ये गुटख्यावर बंदी घातली. तिकडे पानमसाल्याची पुडी आणि तंबाखूची पुडी वेगवेगळी विकली जाते, आणि घेणारा दोन्ही एकत्र करून तोंडात टाकतो. विनियम २.३.४ अन्नपदार्थात तंबाखू मिसळू नका असे सांगतो. मिसळण्याचे काम उत्पादकाने गिऱ्हाइकावर ढकलले की त्या तरतुदीचे शब्द पाळले जातात आणि धंदाही चालतो. या पळवाटेची दखल सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये घेतली आणि राज्यांच्या आदेशांची भाषा त्यानंतर लांबत गेली: पाकिटबंद असो वा सुटे, एकत्र विकलेले असो वा सहज मिसळता येईल अशा रीतीने स्वतंत्र पुड्यांत, कोणत्याही नावाने संबोधलेले असो. आदेशाचे वाक्य जसजसे लांबते, तसतसे एक कळत जाते, की राज्य वस्तूच्या मागे धावत आहे आणि वस्तू दर वळणावर नाव बदलत आहे.

आणि ज्या पानमसाल्यावर राज्य बंदी घालते, त्याच पानमसाल्याला केंद्राने २०१७ पासून वस्तू व सेवा कराच्या सर्वांत वरच्या टप्प्यात ठेवून वर उपकर लावला. कर लावलेली वस्तू कायदेशीर आहे असे गृहीत असते. शिवाय त्याच ब्रँडच्या नावाने वेलदोड्याच्या जाहिराती क्रिकेट सामन्यांच्या मध्यंतरात घराघरात दिसतात, त्यांत मोठमोठे नट असतात, आणि सातवीतल्या मुलालाही ती वेलची नाही हे समजते. महाराष्ट्राच्या आदेशाची हद्द दूरदर्शन संचाच्या पडद्यापाशी संपते.

बंदीच्या विरोधात बोलणारे लोक यावरून एक सरळ निष्कर्ष काढतात. ते म्हणतात, बंदीने किंमत वाढली, दर्जावर नियंत्रण राहिले नाही, पोलिसांना हप्त्याची नवी सोय झाली. त्यापेक्षा सिगारेटप्रमाणे गुटखाही भरपूर कर लावून, चित्रमय इशारा छापून विकू द्या. हा युक्तिवाद मी हलका समजत नाही. सिगारेटवर बंदी नाही आणि गुटख्यावर आहे, याचे तर्कशुद्ध स्पष्टीकरण देणे कोणालाही अवघड जाईल. ‘एकाला अन्न म्हणता येते आणि दुसऱ्याला नाही’ हे स्पष्टीकरण कायद्याला पुरते, माणसाला पुरत नाही. तरीही हा निष्कर्ष मला पटत नाही, आणि त्याची दोन कारणे आहेत.

पहिले कारण आकड्यांचे. प्रौढांच्या तंबाखू सेवनाच्या जागतिक सर्वेक्षणाची पहिली फेरी २००९-१० मध्ये झाली, तेव्हा महाराष्ट्रात कोणत्याही स्वरूपात तंबाखू घेणारे प्रौढ ३१.४ टक्के होते; २०१६-१७ च्या दुसऱ्या फेरीत ते २६.६ टक्क्यांवर आले. ही घट बंदीमुळेच झाली असे म्हणणे घाईचे ठरेल. पण दुसऱ्या फेरीतला आणखी एक आकडा पाहा: राज्यात धूम्रपान करणारे ३.८ टक्के आणि धूरविरहित तंबाखू घेणारे २४.४ टक्के. म्हणजे महाराष्ट्राचा तंबाखूप्रश्न प्रामुख्याने चघळण्याचा प्रश्न आहे. सिगारेटचे धोरण उचलून त्यावर चिकटवले तर ते बसणार नाही.

दुसरे कारण सुपारीचे, आणि ते अधिक गंभीर आहे. तंबाखू नसलेल्या पानमसाल्याला लोक निरुपद्रवी समजतात, पण जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली सुपारीलाच माणसात निश्चितपणे कर्करोग निर्माण करणाऱ्या घटकांच्या पहिल्या गटात ठेवले आहे. सुपारीमुळे गालाच्या आतले अस्तर हळूहळू ताठर होत जाते. दातांचे डॉक्टर अशा रुग्णाला आपल्याच हाताची तीन बोटे उभी करून तोंडात घालायला सांगतात. निरोगी माणसाची तीन बोटे जातात. माझ्या ओळखीच्या एका रिक्षाचालकाचे, वय चाळिशीच्या आत, एकच बोट जाते. तो भाकरी कुस्करून, दुधात भिजवून खातो आणि जांभई आली तर हात हनुवटीखाली धरतो. अशी वस्तू केवळ कर भरून खुली करावी, असे म्हणायला मन धजत नाही.

म्हणून प्रश्न बंदी असावी की नसावी हा राहत नाही. कोणत्या कायद्याने असावी हा राहतो. आणि इथे महाराष्ट्राजवळ स्वतःचेच एक उदाहरण आहे. डिसेंबर २०१७ मध्ये मुंबईत कमला मिलमधील आगीत १४ जणांचे प्राण गेले आणि त्यानंतर २०१८ मध्ये विधिमंडळाने केंद्राच्या २००३ च्या तंबाखू नियंत्रण कायद्यात राज्यापुरती दुरुस्ती करून हुक्का पार्लर बंद केली. विधेयक मांडले गेले, दोन्ही सभागृहांत संमत झाले, त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली. तो कायदा दर जुलैत नूतनीकरणाला जात नाही. सभागृहात आमदारांना आपले मत नोंदवावे लागले; कोण बोलले, कोण गप्प बसले, हे कामकाजात कायमचे राहिले. गोव्याने तर २००५ सालीच आपल्या सार्वजनिक आरोग्य कायद्यात दुरुस्ती करून गुटख्यावर बंदी आणली, म्हणजे अन्न सुरक्षा कायदा येण्याआधी आणि आपल्या दुसऱ्या बंदीच्या सात वर्षे आधी. शेजारच्या लहान राज्याला जे सुचले, ते आपल्याला का सुचू नये?

अधिकाराची अडचण सांगितली जाते, पण ती तितकी मोठी नाही. सार्वजनिक आरोग्य हा राज्यसूचीतला विषय आहे. केंद्राच्या नियंत्रणाखालील उद्योगांच्या मालाचा व्यापार आणि पुरवठा हा समवर्ती सूचीत, नोंद ३३ मध्ये आहे. केंद्रीय कायद्याशी विसंगती येत असेल, तर राष्ट्रपतींची संमती घेऊन राज्याला आपली दुरुस्ती राबवता येते. हुक्क्याच्या वेळी हीच वाट धरली होती. तंबाखू पिकवणारे शेतकरी, विड्या वळणाऱ्या महिला (सोलापुरातच त्यांची संख्या फार मोठी आहे) आणि पानटपरीवाले या सगळ्यांचे हितसंबंध या विषयात गुंतलेले आहेत. खरे तर म्हणूनच हा विषय एका अधिकाऱ्याच्या सहीपेक्षा सभागृहात अधिक शोभतो. आयुक्ताला निवडणूक लढवायची नसते. आदेश काढताना त्याला विडी कामगारांच्या मोर्चाला उत्तर द्यावे लागत नाही. विधेयक मांडणाऱ्या मंत्र्याला ते द्यावे लागेल, आणि ते देताना विडी आणि मावा यांच्यातला फरक त्याला स्पष्ट करावा लागेल. आजवर तो कोणी केलेला नाही.

अशा कायद्यात काय असावे, याबद्दल माझे काही आग्रह आहेत. वस्तूची व्याख्या नावाने न करता घटकांनी करावी: सुपारी आणि तंबाखू एकत्र चघळण्यासाठी तयार केलेला, किंवा तयार करता यावा अशा जोडीने विकलेला कोणताही माल. तीन डब्यांच्या टपरीला पकडायचे असेल, तर रगडण्याच्या क्षणाला पकडून उपयोग नाही. सुट्या तंबाखूची विक्री परवान्याखाली आणली, आणि त्या परवान्यावर सुपारी ठेवायची नाही एवढी साधी अट घातली, तर अन्न सुरक्षा अधिकाऱ्याला तळहाताकडे पाहत बसावे लागणार नाही. डबे मोजले की काम होईल. शिक्षेची उतरंड उलटी करावी लागेल. आज सर्वांत जड कलम सर्वांत खालच्या माणसावर पडते. टपरीवाल्याला पहिल्यांदा दंड, दुसऱ्यांदा परवाना निलंबित. वाहतूकदाराची गाडी जप्त. आणि कारावास मुख्यत्वे उत्पादक व मोठा साठेबाज यांच्यासाठी, तीन वर्षांहून अधिक, म्हणजे मकोका लावायचाच असेल तर त्याची पहिली अट तरी पुरी होईल.

खाणाऱ्याला शिक्षा नको. आजच्या आदेशातही ती नाही, आणि ते बरोबर आहे. पण ज्याला सोडायची आहे, त्याला सोडवण्याची व्यवस्था तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात असणे, ही जबाबदारीही त्याच कायद्याने राज्यावर टाकली पाहिजे. आदेशाने ती टाकता येत नाही, कारण आदेश विक्री थांबवू शकतो, समुपदेशकाचे पद निर्माण करू शकत नाही.

टपरीवाल्यांचे काय, हा प्रश्न उरतो आणि तो टाळून चालणार नाही. ज्याचे निम्मे उत्पन्न माव्याचे आहे, त्याने एका पावसाळ्यात चहा-बिस्किटांवर यावे, ही अपेक्षा कागदावर सोपी आहे. सोलापुरातल्या त्या टपरीवाल्याला मी एकदा विचारले, माव्याऐवजी दुसरे काही विकले तर चालेल का. तो म्हणाला, ‘‘साहेब, चालेल की. पण शेजारचा रगडत बसला तर माझ्याकडं कोण येणार?’’ कायदा सगळ्यांवर सारखा आणि कायमचा असेल, तरच त्याला धंदा बदलणे परवडते. दर जुलैला मुदत वाढवलेल्या बंदीवर कोणी आपली टपरी नव्याने मांडत नाही. तो फक्त चुन्याचा डबा फळीखाली सरकवतो आणि गाडी निघून जायची वाट पाहतो.